खिशांचा पडदा आणि तीन चिंचोके: बारावी कला वर्गातल्या चर्चेच्या प्रकल्प नोंदी

१६ जून २०२५

वर्गात फोन बाजूला ठेवून विषयावर चर्चा घडवायची, या प्रकल्पाची चौकट ठरली. तुकडी बारावी कला, पट ६४. वर्गात दोघांची जोडबाकं, चार ओळींत आठ-आठ. तासिका ४५ मिनिटांची. विषय राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र. विद्यार्थी एकाच खोलीत बसतात आणि शिक्षक बदलतात. पुढची सगळी मांडणी याच एका गोष्टीवर उभी आहे. दर तासाला खोली बदलणाऱ्या महाविद्यालयात ती जशीच्या तशी चालणार नाही.

हेतू शिस्तीचा नाही. पोरं एकमेकांशी विषयावर बोलावीत, एवढाच हेतू आहे. फोन बाजूला ठेवणं त्यातलं पहिलं आणि सगळ्यात सोपं काम. नुसता फोन काढून घेतला तर वर्गात शांतता येते, चर्चा येत नाही. त्यामुळे खर्चाचा आणि वेळेचा मोठा वाटा पुढच्या कामांसाठी राखून ठेवायचा.

फोन दप्तरात चालेल का, यावर बराच खल झाला. उत्तर ‘नाही’ असं ठरलं. नुसता टेबलावर पडलेला फोनही लक्षाचा काही भाग खातो, अशी मांडणी २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगावरून झाली होती. पुढच्या प्रयोगांत तो परिणाम तितका ठळक दिसला नाही, म्हणून त्यावर भिस्त ठेवलेली नाही. आपलं कारण साधं आहे. बोलणाऱ्याला समोर ऐकणारे डोळे लागतात. एकाने मांडीवर स्क्रीन उजळली की शेजारचे दोघे आणि मागचे दोघे तिकडे बघतात. कॅनडात २०१३ मध्ये झालेल्या प्रयोगात लॅपटॉपवर दुसरंच काही करणाऱ्यांचे गुण तर घटलेच, पण ज्यांना तो लॅपटॉप बसल्या जागेवरून दिसत होता त्यांचेही घटले. जोडबाकावर ही अडचण दुप्पट होते.

१९ जून

फोन ठेवण्यासाठी वर्गाच्या भिंतीवर टांगायचा खिशांचा पडदा, त्याचं माप.

फोनची लांबी १६ ते १७ सें.मी., रुंदी पावणेआठच्या आसपास, कव्हरसकट जाडी सव्वा सें.मी. धरली. तयार खिसा ११ सें.मी. रुंद आणि १८ सें.मी. खोल, दोन्ही कडांना दीड-दीड सें.मी. चुणी. चुणी नसेल तर जाड कव्हरचा फोन अडकतो आणि ओढताना शिवण उसवते. सात खिशांची एक रांग, अशा पाच रांगा, म्हणजे एका पडद्यात ३५ खिसे. असे दोन पडदे, एकूण ७० खिसे. ६४ विद्यार्थ्यांचे, एक शिक्षकांचा, बाकीचे राखीव. पडद्याचं तयार माप १०० सें.मी. रुंद आणि ११० सें.मी. उंच. वरचे १० सें.मी. पाइपच्या नेफ्यासाठी.

बाजारात मिळणाऱ्या तयार पडद्यांत खिसा उथळ असतो आणि फोनचा वरचा भाग बाहेर राहतो. तसा नको. एक तर कुणाचा फोन केवढ्याचा, हे सगळ्या वर्गाला दिसतं. दुसरं म्हणजे नोटिफिकेशन आलं की उजेड दिसतो आणि नजर जाते. फोन पूर्ण आत जायला हवा. पण पूर्ण आत गेलेला फोन दोन बोटांनी निघत नाही, म्हणून खिशाच्या तोंडाला मध्यभागी तीन सें.मी.चा अर्धगोल काप आणि त्याला पायपिंग.

कापड जाड कॅनव्हास. मांजरपाट चालणार नाही: कव्हरसकट एका फोनचं वजन सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास, ३५ फोनांचं आठ किलो होतं, आणि मांजरपाटाच्या खालच्या रांगा महिन्याभरात पोट काढतात. शिलाईचं काम ड्रेस शिवणाऱ्याकडे न देता बॅगा शिवणाऱ्या कारागिराकडे द्यावं. कोपऱ्यावर कापडाचे चार थर एकत्र येतात, तिथे साध्या यंत्राची सुई मोडते. १८ नंबरची सुई आणि नायलॉन दोरा लागतो. खिशाच्या वरच्या दोन्ही टोकांना उलटसुलट टीप मारून घ्यावी, कारण पहिली उसवण तिथेच होते.

प्लायवूडच्या कप्प्यांचं कपाट हा दुसरा पर्याय होता. तो मागे पडला. कंपनावर ठेवलेला फोन लाकडी कप्प्यात ढोलासारखा घुमतो. तळाला रबर शीट घातली तर आवाज मरतो, पण खर्च आणि जागा दोन्ही वाढतात.

२३ जून

टांगणी. पाऊण इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, दोन टोकांना हूक आणि मध्ये तिसरा. मधला हूक वगळला तर पाइप हळूहळू वाकतो आणि मधल्या खिशांची तोंडं आवळली जातात. वरची कड जमिनीपासून १७० सें.मी., खालची ६०.

दिवस पावसाचे. भिंतीला ओल असते. पडदा थेट भिंतीवर टेकवला तर आठवड्याभरात मागच्या बाजूला बुरशी धरते आणि फोनही दमट होतात. म्हणून आधी भिंतीवर पाच सें.मी. जाडीचं लाकडी बॅटन (पट्टी), त्यावर हूक. मागून वारा खेळतो. पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत टाळली, कारण दुपारच्या उन्हात फोन तापतो.

जागा फळ्याच्या दोन्ही बाजूंना, दाराजवळ नाही. दाराजवळ ठेवल्याने ये-जा सोपी होते हे खरं, पण चोरीही तितकीच सोपी होते. फोन वर्गाबाहेर व्हरांड्यात ठेवण्याचा विचार त्याच कारणाने सोडला. फोन सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, पण कुणाच्याच हाताशी नाही, अशी जागा हवी.

प्रत्येक खिशात एक कडक पुठ्ठ्याची पट्टी, २० सें.मी. लांब, एक बाजू पांढरी आणि एक हिरवी. ती खिशाबाहेर दोन सें.मी. डोकावते. आल्यावर प्रत्येकाने आपल्या हजेरी क्रमांकाची पट्टी हिरवी करायची, फोन असो वा नसो. हे मुद्दाम केलं आहे. तुकडीत कित्येकांकडे स्वतःचा फोन नाही, घरात मिळून एकच असतो. फक्त फोनवाले उठून पडद्यापाशी गेले तर उरलेले बसल्या जागी उघडे पडतात. पट्टीमुळे सगळेच उठतात, सगळेच हात घालतात, आणि हजेरीही एका नजरेत कळते.

२६ जून

पालकांना पत्र, एका पानाचं. त्यात एवढंच: फोन कधी ठेवला जाईल, कधी परत मिळेल, तातडीचा निरोप कार्यालयाच्या कोणत्या नंबरवर द्यायचा, आणि तो वर्गापर्यंत कसा पोचेल. निरोप आला की कार्यालय चिठ्ठी लिहितं आणि सेवक ती वर्गात आणून देतो. ही साखळी आधी दोन-तीनदा चालवून पाहावी. पालकांचा विरोध नियमाला फारसा नसतो. ‘पोरगी एसटीत बसली का नाही हे कसं कळणार’ ही खरी काळजी असते, आणि ती रास्त आहे. शेवटची तासिका संपल्यावर फोन हातात येतो आणि बसथांब्यावर तो जवळ असतो, हे ठळक अक्षरांत लिहावं.

सवलती. मधुमेहाचा सेन्सर फोनशी जोडलेला असतो. काही श्रवणयंत्रं ब्लूटूथवर चालतात. दृष्टी अधू असलेला विद्यार्थी अक्षरं मोठी करायला किंवा मजकूर ऐकायला फोन वापरतो. अशांचा फोन बाकावरच राहील. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ प्रमाणे अशी सोय देणं बंधनकारक आहे. हे वर्गशिक्षकांनी त्या विद्यार्थ्याशी आणि पालकांशी बोलून ठरवायचं. वर्गात यादी वाचायची नाही.

१ जुलै

पहिला दिवस. रांगेचं गणित कागदावरच मांडून घेतलं होतं: एकाला पाच सेकंद धरले तर ६४ जणांच्या एका रांगेला ३२० सेकंद, म्हणजे पाच मिनिटांहून जास्त. ४५ मिनिटांच्या तासिकेत हे परवडत नाही. दोन पडदे, दोन रांगा, आणि प्रत्येक तासाला न करता पहिल्या तासाच्या घंटेआधी एकदाच. फोन मधल्या सुट्टीत बाहेर, सुट्टीनंतर पुन्हा आत. कॅन्टीनमध्ये पैसे फोनवरूनच दिले जातात, त्यामुळे सुट्टीत फोन अडवण्यात अर्थ नाही.

फोन सायलेंटवर नको, बंद हवा. सायलेंटवर असला तरी गजर वाजतो. एअरप्लेन मोडमध्येही वाजतो. काही मॉडेलमध्ये तर फोन बंद असतानाही गजर वाजतो, म्हणून पहाटेचा सोडून बाकीचे गजर काढून टाकायला सांगावं. स्मार्टवॉच आणि कानातले ब्लूटूथही त्याच खिशात.

शून्य क्रमांकाचा खिसा शिक्षकांचा. याला अपवाद नाही. ‘तातडीने माहिती पाठवा’ असे संदेश शिक्षकांच्या गटावर दिवसभर येत असतात. ती जबाबदारी तासिकेपुरती कार्यालयाकडे दिली आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावमध्ये २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद राहतात. तिथलं मर्म हेच आहे की पोरांचा फोन आणि मोठ्यांचा टीव्ही एकाच भोंग्याला बंद होतो.

४ जुलै

फोन काढला की तो करत असलेली बारीक कामं उघडी पडतात. प्रत्येकासाठी पर्याय नसेल तर आठवड्याभरात ‘फक्त दोन मिनिटं’ म्हणत फोन परत येतो.

वेळ: सेकंद काटा असलेलं भिंतीवरचं घड्याळ. शब्दार्थ: इंग्रजी-मराठी आणि मराठी शब्दकोश, दर ओळीला एक संच. गृहपाठ: फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकट, ती दिवसभर पुसायची नाही. गृहपाठ फक्त व्हॉट्सॲपवर टाकला तर फोन नसलेल्यांना तो दुसऱ्या दिवशी कळतो. एसटीच्या बदललेल्या वेळा: सूचना फलक.

फळ्याचा फोटो ही सर्वात चिवट सवय. फोटो काढला की टिपण झालं असं वाटतं, आणि तो फोटो परत उघडला जात नाही. त्यासाठी एक वर्गवही, दोनशे पानी, खिडकीच्या गजाला दोरीने बांधलेली. रोज एका बाकावरचे दोघे त्या दिवसाचं टिपण तीत लिहितात. गैरहजर राहिलेल्यांनी तिच्यातून उतरवून घ्यायचं. शेवटची पाच मिनिटं लिहिण्यासाठी राखीव ठेवली नाहीत तर ही वही रिकामी राहते.

९ जुलै

चर्चा वाढली की नाही हे मोजायचं कसं? बी.एड. केलेल्या प्रत्येकाने फ्लँडर्सची आंतरक्रिया विश्लेषण पद्धती, म्हणजे वर्गात कोण किती आणि कसं बोलतं हे मोजण्याची रीत, शिकलेली असते आणि सराव पाठ संपले की ती वहीतच राहते. इथे ती नेमकी उपयोगाची आहे.

निरीक्षक शेवटच्या बाकावर बसतो आणि दर तीन सेकंदांना एक आकडा लिहितो. १ ते ७ शिक्षकांचं बोलणं (भावना स्वीकारणं, कौतुक, विद्यार्थ्याची कल्पना पुढे नेणं, प्रश्न, व्याख्यान, सूचना, टीका), ८ विचारल्यावर दिलेलं उत्तर, ९ विद्यार्थ्याने आपणहून बोलणं, १० शांतता किंवा गोंधळ. मिनिटाला २० आकडे, पूर्ण तासिकेला ९००. एवढं सलग लिहिणं हाताला जड जातं, म्हणून मधली १५ मिनिटं, म्हणजे ३०० आकडे पुरेत. वेळेसाठी सेकंद काट्याचं मनगटी घड्याळ. निरीक्षकाचाही फोन पडद्यातच.

हिशोब असा. समजा ३०० पैकी ८ हा आकडा ३६ वेळा आणि ९ हा १२ वेळा आला. विद्यार्थ्यांचं बोलणं ४८ भागिले ३००, म्हणजे १६ टक्के. त्यात आपणहून बोललेलं १२ भागिले ४८, म्हणजे २५ टक्के. आपलं लक्ष या दुसऱ्या आकड्यावर आहे.

फ्लँडर्सचा दोन-तृतीयांशाचा नियम प्रसिद्ध आहे: वर्गातला दोन-तृतीयांश वेळ कुणीतरी बोलत असतं, आणि त्यातला दोन-तृतीयांश शिक्षक. आपल्या तासिकेला तो लावून पाहिला. ४५ पैकी ३० मिनिटं बोलणं, त्यातली २० शिक्षकांची, १० विद्यार्थ्यांची. दहा मिनिटं ६४ जणांत वाटली तर एकाच्या वाट्याला साडेनऊ सेकंदही येत नाहीत. तेवढ्यात नाव सांगून होईल, मत सांगून होणार नाही. याउलट चौघांच्या गटात १२ मिनिटं दिली तर प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. पूर्ण वर्गाची चर्चा शेवटी आणि थोडी, गटातली आधी आणि भरपूर, हे या हिशोबावरून ठरलं.

मूळ पद्धतीत दोन बदल करावे लागतात. १० मध्ये शांतता आणि गोंधळ एकत्र मोजले जातात. प्रश्नानंतरची विचाराची शांतता आपल्याला हवी आहे, ती गोंधळाच्या खात्यात जाऊन चालणार नाही. म्हणून १०अ विचाराची शांतता, १०आ गोंधळ. आणि जोडीत किंवा गटात सगळे एकदम बोलतात तेव्हा मूळ पद्धत तेही १० मध्येच टाकते. त्यासाठी वेगळं अक्षर, ‘ग’. हे दोन बदल नसतील तर चांगली चर्चा झालेला तास कागदावर सगळ्यात वाईट दिसतो.

सामुदायिक ‘होऽऽ सर’ वेगळा मोजावा. ‘समजलं का?’ या प्रश्नाला ६४ जण एका सुरात होकार देतात आणि ८ चा आकडा फुगतो. त्यावर गोल करून ठेवायचा आणि बेरजेत धरायचा नाही.

१७ जुलै

थांबण्याचा सराव. अमेरिकन शिक्षण संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एक सेकंद थांबतात आणि मग पुन्हा बोलू लागतात. हा अवकाश तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं, आणि एरवी गप्प बसणारे बोलू लागतात. जागा दोन आहेत: प्रश्नानंतर आणि उत्तरानंतर. दुसरी अधिक अवघड. विद्यार्थ्याचं वाक्य संपताक्षणी ‘बरोबर’ किंवा ‘छान’ म्हटलं की बाकीच्या ६३ जणांचं काम संपतं.

करायचं असं: प्रश्न विचारला की हात पाठीमागे घेऊन बोटांवर पाचपर्यंत मोजायचं. प्रश्न पुन्हा उच्चारायचा नाही, सोपा करून सांगायचा नाही, पहिला वर आलेला हात लगेच घ्यायचा नाही. सगळ्यात जास्त चूक दुसऱ्यांदा विचारण्यात होते. पोरं पहिला प्रश्न सोडून देतात, कारण दुसरा सोपा येणार हे त्यांना ठाऊक असतं.

फोन असताना ही शांतता टिकत नाही, कारण तीन सेकंदांत हात फोनकडे जातो. फोन नसताना ती अवघडलेली वाटते, पण अवघडलेपण कुणीतरी बोलून मोडतं. पडद्याचा खरा उपयोग इथे होतो.

२५ जुलै

प्रश्न तयार करणं. पाठ्यपुस्तकाच्या स्वाध्यायातले ‘सविस्तर उत्तरे लिहा’ चर्चेला चालत नाहीत, त्यांचं उत्तर पानावर असतं. चालणाऱ्या प्रश्नाला दोन गोष्टी लागतात: दोन्ही बाजूंना खरं वजन, आणि त्यातली एखादी घराजवळची.

राज्यशास्त्रासाठी बसलेला एक. महाराष्ट्रात गावातलं दारूचं दुकान मतदानाने बंद करता येतं, मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली असते. दुकान बंद व्हायला मतदानाला आलेल्यांच्या नव्हे, तर नोंदलेल्या मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. सरपंच निवडताना मात्र पडलेल्या मतांत जास्त मतं मिळाली की पुरतं. दुकानासाठी कसोटी वेगळी का? ती न्याय्य आहे का? ‘लोकशाहीत बहुमत म्हणजे काय’ असं विचारलं असतं तर व्याख्या आली असती. इथे ऊसतोडीला गेलेल्या, मतदानाला न आलेल्या बायकांचं मत कोणत्या बाजूला धरलं जातं, इथपर्यंत चौकशी जाते.

६ ऑगस्ट

अर्थशास्त्र, कांदा. सविस्तर लिहून ठेवण्यासारखी तासिका.

विषय: कांद्याचे भाव चढले तर सरकारने निर्यात रोखावी का? फोन हाताशी असताना या प्रश्नावर सर्वात आधी तयार उत्तर शोधलं जातं. अलीकडे चॅटजीपीटीकडून दोन्ही बाजूंचे पाच-पाच मुद्दे येतात आणि ते वाचून दाखवले जातात. फोन नसेल तर दुसरा धोका: माहितीच नसल्याने ज्याचा आवाज मोठा त्याचं मत खरं. म्हणून माहितीपत्रक अटळ आहे. अर्धं ए-फोर पान, १४ च्या टाइपात, दर जोडीला एकच प्रत. ३२ झेरॉक्स, त्याही पानाच्या अर्ध्या, म्हणजे १६ पानांचा खर्च. दोघांत एक प्रत ही काटकसरीपेक्षा जास्त कामाची आहे: कागद एक असला की डोकी जवळ येतात आणि बोलणं सुरू होतं.

पत्रकातला मजकूर एवढाच. ८ डिसेंबर २०२३: कांद्याच्या निर्यातीवर बंदी. ४ मे २०२४: बंदी उठली, पण टनाला किमान ५५० डॉलर निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क. सप्टेंबर २०२४: किमान मूल्याची अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर. १ एप्रिल २०२५: शुल्क रद्द. खाली एक ओळ: खरीप आणि त्यानंतर येणारा रांगडा कांदा फार टिकत नाही, उन्हाळी कांदा कांदाचाळीत काही महिने राहतो. शेवटची ओळ सर्वात महत्त्वाची ठरते. साठवता येणारा आणि न येणारा माल यांच्यासाठी एकच बंदी सारखी लागू होते का, हा वाद तिच्यातून उभा राहतो.

भूमिका चार, गटातल्या प्रत्येकाला एक चिठ्ठी: चाळीत उन्हाळी कांदा असलेला शेतकरी, लासलगावचा व्यापारी, मुंबईत खानावळ चालवणारी बाई, भाव आटोक्यात ठेवायची जबाबदारी असलेला अधिकारी. आधी एकाच भूमिकेचे सगळे एकत्र बसून तयारी करतात, मग मिश्र गट होतात, अशी एक रीत आहे. पण जोडबाकांच्या फटींतून ६४ जण दोनदा हलवायला दहा मिनिटं जातात. ती सोडली. समोरच्या बाकावरच्यांनी मागे वळायचं, एवढीच हालचाल. बाक आणि बैठक जोडलेली असल्यामुळे वळून बसणाऱ्याची पाठ पंधरा मिनिटांनी दुखू लागते. गटाचा वेळ त्याहून वाढवायचा नाही, आणि पुढच्या वेळी वळणारे बदलायचे.

वेळ अशी: स्थिरावणं ३ मिनिटं, एकट्याने शांत वाचन ४, जोडीत ५, चौघांत १४, पूर्ण वर्ग १२, वहीत लिहिणं ५, आवराआवर २. एकट्याने वाचण्याची चार मिनिटं कापण्याचा मोह होतो, कारण तेव्हा काही घडताना दिसत नाही. ती कापली की गटात पहिला बोलणारा तोच तो राहतो.

गटात चिंचोके. प्रत्येकाला तीन, बोललं की एक मधल्या वाटीत. स्वतःचे संपले की बाकीच्यांचे संपेपर्यंत ऐकायचं. ६४ जणांना १९२, हरवण्याची सोय म्हणून अडीचशे जवळ ठेवावे. नाणी नकोत. पुठ्ठ्याच्या चकत्या घामाने मऊ पडतात, चिंचोके वर्षभर पुरतात.

इथे हमखास बिघडतं ते असं: गप्प राहणारे ‘मला पण तसंच वाटतं’ म्हणून चिंचोका टाकून मोकळे होतात. त्यावर एक नियम पुरतो. आधी बोललेल्याचं नाव घ्यायचं आणि त्याच्या म्हणण्यात भर घालायची, ते खोडायचं किंवा त्याला प्रश्न विचारायचा. ‘व्यापारी म्हणतो भाव पडले तरी तो घेणार, पण कितीला घेणार?’ असं एक वाक्य आलं की गट आपला आपण चालतो. दुसरा बिघाड शेतकऱ्याच्या चिठ्ठीचा. नाशिक-अहिल्यानगर पट्ट्यातल्या वर्गात ती चिठ्ठी ज्याच्या घरी खरोखर कांदा आहे त्याला गेली तर तो भूमिका करत नाही, स्वतःचं बोलतो, आणि समोरचे माघार घेतात. त्याला अधिकाऱ्याची चिठ्ठी द्यावी.

१३ ऑगस्ट

दुसरा फोन. जुना, बंद पडलेला हँडसेट खिशात आणि चालता फोन दप्तरात, हे सगळीकडे घडतं. दप्तरं तपासायची नाहीत. तपासणी सुरू झाली की वर्गाचं पोलीस ठाणं होतं आणि त्यानंतर कुणी मोकळेपणाने बोलत नाही. दिसला तर शांतपणे खिशात ठेवायला सांगायचा. दंड नाही, आणि जप्ती तर मुळीच नाही. तो फोन बहुतेकदा घरातला एकमेव असतो, त्यावर बँकेचा ओटीपी येतो, आईच्या कामाचे फोन येतात. त्याच दिवशी परत. पुन्हा पुन्हा घडलं तर वर्गशिक्षकांनी एकट्याला बोलावून विचारायचं. कारण अनेकदा अर्धवेळ कामाच्या मालकाचा फोन येण्याची भीती असं काहीतरी निघतं, आणि ते कार्यालयाच्या नंबरवर सोडवता येतं.

९ सप्टेंबर

दक्षिण कोरियाच्या संसदेने २७ ऑगस्टला वर्गात फोन वापरण्यावर बंदीचा कायदा केला, मार्च २०२६ पासून लागू. फ्रान्सचा कायदा २०१८ चा. नेदरलँड्समध्ये माध्यमिक शाळांच्या वर्गांतून फोन जानेवारी २०२४ पासून हद्दपार झाले. वर्तमानपत्रातली कात्रणं सूचना फलकावर लावली.

संशोधन दोन्ही अंगांनी वाचावं. इंग्लंडमधल्या चार शहरांतल्या शाळांवरच्या अभ्यासात फोनबंदीनंतर गुण वाढले, आणि वाढ प्रामुख्याने मागे पडलेल्या विद्यार्थ्यांची होती. पुढे असलेल्यांना फरक पडला नाही. याउलट इंग्लंडमध्येच २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कडक नियम असलेल्या आणि नसलेल्या शाळांतल्या मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात फरक दिसला नाही. शाळेतल्या सहा तासांत फोन नसला तरी उरलेल्या दिवसात तो असतोच. म्हणून पालकसभेत ‘मुलं सुधारतील’ असं आश्वासन देऊ नये. तासिकेत ती एकमेकांशी बोलतील, एवढंच सांगावं आणि निरीक्षणाच्या आकड्यांचे तक्ते दाखवावेत.

१९ सप्टेंबर

आतलं-बाहेरलं वर्तुळ. पुढच्या मोकळ्या जागेत आठ खुर्च्या, आठ जण बोलतात, बाकीचे ऐकतात. ऐकणाऱ्यांना काम नसेल तर ते कंटाळतात, आणि फोन नसल्याने कुजबुजतात. म्हणून बाहेरच्या सात जणांमागे आतला एक. ते फक्त त्याच्यावर नजर ठेवतात: किती वेळा बोलला, कुणाला उद्देशून, कुणाला तोडलं. कागदावर आठ नावं गोलात लिहायची आणि बोलणं एकाकडून दुसऱ्याकडे गेलं की रेघ ओढायची. दहा मिनिटांत कोष्ट्याचं जाळं तयार होतं. सगळ्या रेघा एकाच नावाकडे जात असतील तर ते वर्तुळ नसून नेहमीचा एकतर्फी तास आहे, आणि हे आठही जणांना कागद पाहून सांगावं लागत नाही. एखाद्या नावाला एकही रेघ नसेल तर तो कागद वर्गात फिरवायचा नाही, त्या विद्यार्थ्यालाच द्यायचा.

मुलं मुलींना तोडतात हे या नकाशात स्पष्ट उमटतं. तोंडी सांगितलं तर वाद होतो, रेघा दाखवल्या की होत नाही. तोडलेल्या जागी रेघेवर छोटी फुली मारायची.

८ ऑक्टोबर

सत्र परीक्षेआधीची आवराआवर आणि पुढच्या तुकडीसाठी सूचना.

पडदे उतरवून थंड पाण्यात साध्या साबणाने धुवावेत. गरम पाण्यात कॅनव्हास आटतो, खिसे अर्धा सें.मी. कमी होतात आणि जाड कव्हरचे फोन अडकू लागतात. क्रमांक फॅब्रिक रंगाने घातले असतील तर उलट बाजूने इस्त्री फिरवावी. खालच्या रांगेतल्या खिशांच्या कडा तपासाव्यात, तिथे दप्तरं घासतात. फाटलेला खिसा ठिगळ न लावता पूर्ण उसवून नवा शिवावा. ठिगळाची कड फोनच्या बटणाला दाबते आणि बंद केलेला फोन चालू होतो.

माहितीपत्रकांची एक फाइल, विषयवार. कांद्याच्या पत्रकात धोरण बदललं की तारीख वाढवावी. आकडे लिहिलेले निरीक्षणाचे कागद तारखेप्रमाणे वेगळ्या फाइलमध्ये. १०अ आणि १०आ हा फरक नव्या निरीक्षकाला आधी एका तासिकेत शेजारी बसवून दाखवावा, वाचून तो लक्षात येत नाही. चिंचोके उन्हात वाळवून बरणीत. कीड लागते, म्हणून वर कडुनिंबाचा पाला.